डहाणूच्या जखमी कासवांच्या भेटीला

कामगार माणसाला आठवड्यात सुट्टी एकच आणि त्या दिवशी घरची शंभर कामे. तरीही भाद्रपदातल्या एका रविवारी आम्ही दोन कुटुंबे मुलाबाळांसह पहाटेच घराबाहेर पडलो. पिशवीत चपात्या, बटाट्याची भाजी आणि पाण्याच्या बाटल्या. जायचे होते डहाणूला, समुद्र पाहायला आणि तिथल्या जखमी कासवांना भेटायला.

गाडी नालासोपाऱ्याला थांबली तेव्हा मुलांना सांगितले की, हे प्राचीन शूर्पारक बंदर. येथे सम्राट अशोकाच्या शिलालेखांचे तुकडे सापडले. माणसांबरोबर जनावरांच्याही औषधोपचाराची सोय केल्याचे अशोकाने आपल्या दुसऱ्या शिलालेखात कोरून ठेवले आहे. तो लेख गुजरातमध्ये गिरनारच्या खडकावर आहे.

"म्हणजे जनावरांचा दवाखाना?" धाकट्याने विचारले.

"तसाच एक बघायला चाललोय," आम्ही म्हणालो.

विरारला गाडी बदलली. २०१३ पासून डहाणू रोडपर्यंत लोकल जाते, त्यामुळे आपल्यासारख्यांची सोय झाली. वैतरणेची खाडी, पालघर, बोईसर, मग चिकूच्या वाड्या दिसू लागल्या. स्टेशनवरून रिक्षाने पारनाक्याला गेलो. तेथे वन विभाग स्थानिक प्राणिमित्र कार्यकर्त्यांच्या मदतीने कासवांचे उपचार केंद्र चालवितो. आम्ही आधी परवानगी काढली होती.

पाण्याच्या टाक्यांत कासवे होती. एक पाण्यावर कलंडून तरंगत होते. फुफ्फुसाला संसर्ग झाला की कासवाला बुडी मारता येत नाही, असे तिथल्या भाऊंनी समजावले. पावसाळ्यात वारा आणि लाटा जोरात असतात, तेव्हा अशी अशक्त कासवे किनाऱ्यावर फेकली जातात. दुसऱ्याचा पुढचा एक पाय खांद्यापासूनच नव्हता. समुद्रात टाकून दिलेल्या जाळ्याचा फास पायाला बसतो, रक्त थांबते आणि पाय जातो. समुद्री कासवाला आपल्या तळ्यातल्या कासवासारखे डोके-पाय कवचात ओढून घेता येत नाहीत. श्वासही हवेतच घ्यावा लागतो. जाळ्यात पाण्याखाली अडकले तर ते गुदमरून मरते.

ते तीन पायांचे कासव मुलांनी बराच वेळ पाहिले. मोठी मुलगी म्हणाली, "कोळी लोक इतके वाईट असतात का हो?"

आम्हाला उत्तर सुचेना. ते मिळाले किनाऱ्यावर. बोंबील वाळत घालायच्या रिकाम्या काठ्यांजवळ एक मावशी जाळे दुरुस्त करीत बसल्या होत्या. मुलीचा प्रश्न ऐकून त्या रागावल्या नाहीत.

"पोरी, कासव आम्हाला देवासारखं. पण ते सोडायचं तर जाळं कापावं लागतं. जाळं कर्जाचं. ते कापलं तर घरात खायचं काय?"

प्रश्न खरा होता. कासवाला १९७२ च्या वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे, पण नुसत्या कायद्याने मावशींचे जाळे शिवले जात नाही. म्हणूनच डिसेंबर २०१८ मध्ये राज्य शासनाने आणलेली योजना महत्त्वाची वाटते. संरक्षित प्राणी सोडण्यासाठी जाळे कापावे लागले, तर मच्छीमाराला जास्तीत जास्त २५ हजार रुपये भरपाई मिळते. प्राणी सोडल्याचे फोटो पुरावा म्हणून द्यावे लागतात. दया करायची आणि तिचा खर्च गरिबाच्या चुलीवर टाकायचा, ही रीत न्यायाची नव्हे. खर्च सर्वांनी वाटून घेतला, तर कासवही जगते आणि कोळ्याचे घरही.

वाचक बंधू-भगिनींनो, किनाऱ्यावर जिवंत कासव दिसले तर त्याला परत पाण्यात ढकलू नका. ते आजारी असते, बुडेल. सावलीत ठेवा, नाक मोकळे ठेवून पाठीवर ओले कापड टाका आणि वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. जेवणाच्या प्लॅस्टिकच्या पिशव्याही वाळूत सोडू नका. कासवे त्या गिळतात.

परतीच्या लोकलमध्ये मुले दमून झोपली. मोठी मात्र जागी होती. म्हणाली, "त्या मावशींना योजना माहीत असेल का?"

आम्ही निघताना त्यांना सांगितले होते. पण किनारा लांब आहे, सांगणारे आणखी हवेत.