विश्लेषण : हंगामानंतर उभ्या राहणाऱ्या फोर्कलिफ्टची बॅटरी न वापरताच का मरते? ती बदलताना काय पाहावे?

लातूरच्या तेल व डाळ मिल असोत की नांदेड परिसरातील जिनिंग-प्रेसिंग, मराठवाड्यातील शेतमालावरचा उद्योग हंगामावर चालतो. हंगाम सरला की विजेवरची फोर्कलिफ्ट गोदामाच्या कोपऱ्यात उभी राहते. पुढच्या दसऱ्याला चावी फिरवली की ती जागची हलत नाही. बॅटरी बदलायची तर खर्च लाखांत जातो. शिवाय चुकीची बॅटरी बसवली तर प्रश्न केवळ पैशांचा राहत नाही.

फोर्कलिफ्टचा वापर इतका कमी का?

सोयाबीनची आवक दसरा-दिवाळीच्या सुमारास मोंढ्यात सुरू होते. पाठोपाठ कापूस येतो आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी वर्दळ ओसरते. पोत्यांची चढ-उतार आजही बहुतांशी हमालांच्या पाठीवरून होते. फोर्कलिफ्ट लागते ती कापसाच्या सुमारे 170 किलोच्या गाठी, तेलाची पिंपे, पॅलेटवरचा माल किंवा यंत्रांचे जड भाग हलवायला. त्यामुळे लहान कारखान्यात हंगामातही ती दिवसाला तास-दोन तास चालते आणि हंगामानंतर महिना महिना हलत नाही.

न वापरता बॅटरी खराब कशी होते?

48 व्होल्टच्या लेड-ॲसिड बॅटरीत दोन व्होल्टचे 24 सेल असतात. वीज खर्च होताना शिशाच्या पट्ट्यांवर लेड सल्फेट जमते. चार्जिंग केले की ते विरघळते. मात्र उभ्या बॅटरीतूनही वीज आपोआप उतरत असते. नव्या बॅटरीत हे प्रमाण महिन्याला काही टक्के असते, जुनीत त्याहून जास्त. तापमान 10 अंशांनी वाढले की हा वेग साधारण दुप्पट होतो. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार गेल्यावर पत्र्याच्या गोदामात काय होत असेल, याचा अंदाज यावरून येतो. अर्धवट उतरलेली बॅटरी तशीच राहिली तर सल्फेटचे खडे कडक होतात आणि मग चार्जिंगनेही विरघळत नाहीत. यालाच ‘सल्फेशन’ म्हणतात.

‘लिथियमचे आयुष्य दुप्पट’ हा दावा येथे लागू पडतो का?

फारसा नाही. चांगली लेड-ॲसिड बॅटरी सुमारे 1,200 ते 1,500 चार्जिंग देते, तर लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी त्याच्या दुपटीहून अधिक. तीन पाळ्यांत चालणाऱ्या गोदामात हा फरक मोलाचा असतो. पण वर्षाला 20 वेळाच चार्जिंग होणार असेल, तर 1,500 चार्जिंग संपायला 75 वर्षे लागतील. तोवर कोणतीच बॅटरी टिकत नाही. क्वचित चालणाऱ्या फोर्कलिफ्टची बॅटरी वापराने नव्हे, तर वयाने आणि दुर्लक्षाने संपते. त्यामुळे निवड करताना चार्जिंगची संख्या नव्हे, तर बॅटरी उभी राहणे किती सोसते, हे पाहायला हवे.

लिथियमचा खरा फायदा कोणता?

ती फार हळू उतरते, पाणी मागत नाही आणि अर्धी भरलेली ठेवली तरी सल्फेशनचा धोका नाही. उलट बराच काळ ठेवायची तर ती निम्मी भरलेली आणि सावलीत असावी. पूर्ण भरून उन्हाळ्यात ठेवल्यास तीही लवकर म्हातारी होते. आतील संरक्षक यंत्रणा थोडी वीज खात राहते, म्हणून मुख्य जोडणी काढून ठेवावी. जुना लेड-ॲसिड चार्जर तिला जोडू नये. स्वतंत्र चार्जरचा खर्च आधीच धरावा.

वजनाचा मुद्दा एवढा महत्त्वाचा का?

फोर्कलिफ्टच्या पुढे भार असतो आणि मागे तो तोलून धरणारे वजन. त्यात बॅटरीचाही वाटा असतो. 48 व्होल्ट, 600 अँपिअर-तासाची लेड-ॲसिड बॅटरी 800 ते 1,000 किलोंची भरते. लिथियम बॅटरी याच्या निम्म्याहूनही हलकी असू शकते. उरलेले वजन लोखंडी ठोकळ्यांनी भरून पक्के बसवले नाही, तर भार उचलताच गाडी पुढे कलंडू शकते. बॅटरीचे किमान वजन फोर्कलिफ्टच्या माहिती-पट्टीवर दिलेले असते. बदल करण्यापूर्वी उत्पादकाची लेखी संमती घ्यावी.

घरच्या इन्व्हर्टरच्या चार बॅटऱ्या जोडल्या तर?

48 व्होल्ट मिळतील, पण 150 अँपिअर-तासाच्या चार बॅटऱ्यांचे वजन जेमतेम अडीचशे किलोंच्या आसपास. शिवाय 10 किलोवॉटची पंप मोटर भार उचलताना 200 अँपिअरहून अधिक प्रवाह ओढते. तासन् तास थोडा प्रवाह देण्यासाठी केलेली बॅटरी असा झटका फार काळ सोसत नाही. स्वस्तातला हा जुगाड चालकाच्या जिवावर बेतू शकतो.

बदलण्याआधी काय तपासावे?

आधी टोकांवरचा गंज, सैल जोडण्या आणि चार्जर पाहावा. मग बॅटरी पूर्ण चार्ज करून प्रत्येक सेलची घनता हायड्रोमीटरने मोजावी; ती 1.28च्या आसपास हवी. एक-दोन सेलच मागे पडले असतील, तर तेवढेच बदलता येतात. मात्र त्याच क्षमतेचे आणि शक्यतो जवळपास त्याच वयाचे सेल घ्यावेत. सगळेच सेल कमी दाखवत असतील, तर जाणकाराकडून समतोल चार्जिंग करून पुन्हा मोजावे. त्यानंतरही आकडा चढला नाही, तरच नव्या बॅटरीचा विचार करावा.

लेड-ॲसिडच ठेवायची तर?

महिन्यातून एकदा पूर्ण चार्जिंग, उन्हाळ्यात त्याहून लवकर. डिस्टिल्ड वॉटर चार्जिंगनंतर घालावे. पट्ट्या उघड्या पडल्या असतील तर मात्र आधी त्या बुडण्यापुरते. आरओचे किंवा बोअरचे पाणी चालत नाही आणि ॲसिडही वरून घालू नये. चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन निघतो. हवेत तो चार टक्के झाला तरी ठिणगीने स्फोट होऊ शकतो, म्हणून खिडक्या उघड्या हव्यात. सरकी आणि कापूस ठेवलेल्या जागेत चार्जिंग नकोच. हे काम नेमाने करणारा माणूस असेल, तर लेड-ॲसिड स्वस्त पडते. नसेल, तर लिथियमचा जास्तीचा खर्च विचारात घेण्याजोगा आहे.

जुन्या बॅटरीचे काय करावे?

तिच्या वजनात निम्म्याहून अधिक शिसे असते, त्यामुळे भंगारातही चांगला भाव येतो. मात्र उघड्यावर फोडलेल्या बॅटरीतील ॲसिड आणि शिसे माती-पाण्यात उतरते. शिशाचा सर्वाधिक धोका लहान मुलांना असतो. 2022च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून त्यांच्या पुनर्प्रक्रियेची जबाबदारी उत्पादकांवर आहे. त्यामुळे नवी घेतानाच जुनी परत देण्याचा व्यवहार ठरवून त्याची पावती घ्यावी.