पत्ता किती वेळाने बदलायचा?

पाचोऱ्यात आमच्याकडे ब्रॉडबँड नवं होतं तेव्हा आयपी पत्ता बदलायचा म्हणजे मॉडेम बंद करून चालू करायचा. २०१६मध्ये कापसाचे भाव गोळा करायला मी छोटी स्क्रिप्ट लिहिली, तेव्हा तेवढ्यावर भागत होतं. त्याच वर्षी सप्टेंबरात जिओ आलं. आयपीव्ही४ पत्त्यांचं वाटप आपल्या भागात २०११च्या एप्रिलपासूनच रेशनवर आलेलं, त्यामुळे मोबाइल कंपन्या एका पत्त्यामागे अनेक गिऱ्हाइकं बसवतात. असा पत्ता अडवला तर भलतेच लोक अडकतात, म्हणून संकेतस्थळं त्याला जरा सांभाळून घेतात.

२०२१च्या दिवाळीत भाव चढू लागले. सकाळ झाली की मामांचा फोन: "काय भाव शे रे भो?" मी दर पाच मिनिटांनी भावाच्या संकेतस्थळाची सगळी पानं मागू लागलो आणि ४२९ आला. 'फार विचारतोस, थांब' असा त्या आकड्याचा अर्थ. मी थांबलो नाही. फिरते प्रॉक्सी, म्हणजे दुसऱ्यांच्या पत्त्यांवरून विनंती पाठवायची सोय, भाड्याने घेतले आणि दर विनंतीला नवा पत्ता लावला.

तिथेच घात झाला. जळगाव जिल्हा निवडला एका पत्त्यावरून, भावाचं पान मागितलं दुसऱ्यावरून. सत्र तुटलं आणि यादीतला पहिला जिल्हा समोर आला. अकोल्याचा भाव मी जळगावचा म्हणून मामांना कळवला. त्यांनी गाडी भरली होती.

पुढे शिकलो ते एवढंच: सुट्या पानांना दर वेळी नवा पत्ता चालतो, पण जिल्हा निवडण्यापासून भाव हाती येईपर्यंत पत्ता एकच हवा. मग एका पानामागे आठ सेकंद थांबायला लागलो, तर आठवडेच्या आठवडे पत्ता बदलावाच लागेना. सारखा पत्ता बदलण्यात माझे कितीतरी महिने फुकट गेले.

मे २०२४मध्ये अमेरिकेने '९११ एस५' हे प्रॉक्सीचं जाळं मोडून काढलं. १९०हून अधिक देशांतले १.९ कोटी आयपी पत्ते, बरेचसे फुकट व्हीपीएन ॲप घेतलेल्या साध्या माणसांचे. त्यांना पत्ताही नव्हता की आपल्या घरच्या जोडणीवरून कुणी दुसराच फिरतोय. माझ्या प्रॉक्सीवाल्याचे पत्ते कुठून येतात, हे मी त्याला कधी विचारलंच नव्हतं. ती बातमी वाचली त्या रात्री स्क्रिप्टची जुनी नोंदवही उघडली. ओळीमागून ओळी, प्रत्येक ओळीत कुणाचं तरी घर. भाडं बंद केलं.

आता स्क्रिप्ट घरच्याच जोडणीवरून संध्याकाळी एकदा चालते. ४० पानं, साडेपाच मिनिटांच्या आत. मामांना सांगून ठेवलंय, भाव रात्रीच कळवीन.