मॅरेथॉनचा दाखला



दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात एका संध्याकाळी माझ्या दवाखान्यात अडुसष्ट वर्षांचे एक गृहस्थ आले. बँकेतून निवृत्त झालेले, रक्तदाबाचे माझे जुने रुग्ण. त्यांच्या हातात शेजारच्या शहरातील अर्धमॅरेथॉनचा अर्ज होता आणि अर्जाच्या तळाशी डॉक्टरांच्या सहीची जागा मोकळी होती. पाठोपाठ त्यांची मुलगी आत आली. खुर्चीवर बसण्याआधीच ती म्हणाली, "डॉक्टर, सही करू नका. आईला जाऊन अजून वर्ष झालं नाही. आता बाबांनाही काही झालं तर?" काका शांतपणे म्हणाले, "पहाटे चारला जाग येते, डॉक्टर. घरात बसवत नाही. म्हणून चालायला लागलो. आता थोडा धावतोही."

त्या दिवशी मी सही केली नाही आणि अर्ज परतही केला नाही. दोघांचेही म्हणणे मला खरे वाटत होते. घरातील वडीलधाऱ्या माणसाने असा अर्ज पुढे केला, तर कुटुंबाने काय विचारावे आणि काय तपासावे, हे समजण्यासाठी ही शर्यत शरीराकडून काय मागते ते आधी पाहू.

पूर्ण मॅरेथॉन ४२.१९५ किलोमीटरची असते. १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये विंडसरच्या राजवाड्यापासून मैदानातील राजघराण्याच्या आसनापर्यंत जे अंतर भरले, तेच पुढे १९२१ मध्ये कायमचे ठरले. अर्धमॅरेथॉन याच्या निम्मी, म्हणजे एकवीस किलोमीटरहून किंचित अधिक. धावकाच्या छातीवरील क्रमांकाच्या कागदाला किंवा बुटाला एक लहानशी चिप असते. ती आरंभरेषा आणि अंतिम रेषा ओलांडल्याची वेळ नोंदवते. त्यामुळे गर्दीत दहा मिनिटे मागे उभ्या असलेल्या माणसाचेही नुकसान होत नाही. वाटेत ठरावीक अंतरावर पाणी, केळी, मीठ-साखरेचे पेय आणि वैद्यकीय पथक असते. सर्वांत मागून एक बस येते. ज्यांना वेळेत पोचणे शक्य नाही किंवा ज्यांचे पाय थकले, त्यांना ती उचलून घेते. या बसविषयी धावक थट्टेने बोलतात. मला मात्र तिच्याबद्दल आदर आहे. कारण पुढे येईलच.

वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी मी मुंबईची पूर्ण मॅरेथॉन धावलो. पहाटेच्या काळोखात छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपाशी हजारो माणसे दाटीने उभी होती आणि वेदनाशामक मलमाचा वास हवेत भरून राहिला होता. पहिले वीस किलोमीटर अगदी आनंदाचे गेले. सागरी सेतूवर वारा होता, उजाडत होते. वस्तीत आलो तेव्हा नऊवारीतल्या एक आजी संत्र्याच्या फोडी हातावर ठेवत होत्या. बत्तिसाव्या किलोमीटरनंतर मात्र सारे बदलले. पोटऱ्यांत गोळे आले, पाय दुसऱ्याचे वाटू लागले आणि विनाकारण डोळे भरून आले. पेडर रोडचा चढ, एरवी मोटारीतून जाताना जो जाणवतही नाही, तो मी बहुतांशी चालत चढलो.

असे का होते? स्नायू आणि यकृत यांत साठवलेली साखर साधारण दोन हजार कॅलरींच्या आसपास पुरते. साठ किलो वजनाच्या माणसाला हे अंतर धावण्यासाठी सुमारे अडीच हजार लागतात. साठा संपत आला की शरीराला चरबीवर अधिकाधिक अवलंबून राहावे लागते. चरबीतून ऊर्जा मिळते, पण सावकाश. म्हणून वेग एकाएकी कोसळतो. धावक याला भिंत म्हणतात. महिनोन्महिन्यांच्या सरावाने आणि वाटेत थोडेथोडे खात राहिल्याने ही भिंत दूर ढकलता येते. इच्छाशक्तीने ती फार थोडी हलते, हे मी अनुभवावरून सांगतो.

भिंतीपेक्षा मला ज्येष्ठांच्या बाबतीत पाण्याची चिंता अधिक वाटते. कमी पाण्याची तर खरीच, पण अति पाण्याचीही. २००२ च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये शर्यत संपवलेल्या ४८८ धावकांचे रक्त तपासले, तेव्हा त्यांपैकी १३ टक्क्यांच्या रक्तातील सोडियम प्रमाणापेक्षा कमी आढळले. त्यांतील अनेकांनी वाटेत इतके पाणी प्यायले होते की शर्यतीअखेर त्यांचे वजन वाढले होते. उतारवयात तहानेची जाणीव मंदावते आणि जास्तीचे पाणी बाहेर टाकण्याची मूत्रपिंडांची क्षमताही कमी होते. त्यात रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, तर सोडियम आधीच काठावर असू शकते. धावल्यानंतर डोके दुखणे, मळमळणे, बोटे सुजून अंगठी घट्ट होणे, बोलण्यात गोंधळ होणे, ही लक्षणे दिसली तर "पाणी पाजा" म्हणून घाई करू नका. थेट वैद्यकीय पथकाकडे न्या.

दुसरी गोष्ट, गुडघेदुखीच्या गोळ्या. धावताना मूत्रपिंडांकडे जाणारे रक्त आधीच घटलेले असते; अशा वेळी वेदनाशामक गोळी त्यांवर आणखी ताण आणते. आमच्या काकांनी आपल्या औषधांची यादी मला पाठ म्हणून दाखवली, पण गुडघ्याची गोळी तीत नव्हती. ती मुलीला त्यांच्या पिशवीत सापडली. घरच्यांनो, पिशवी पाहायला संकोचू नका. मधुमेहींच्या बाबतीत इन्सुलिनची किंवा काही गोळ्यांची मात्रा लांब चालण्याच्या दिवशी बदलावी लागते. ती डॉक्टरांना विचारूनच बदलावी.

आणि हृदय? अमेरिकेत २००० ते २०१० या काळात मॅरेथॉन व अर्धमॅरेथॉन धावलेल्या सुमारे एक कोटी नऊ लाख धावकांमध्ये ५९ जणांचे हृदय धावताना किंवा नंतर लगेच बंद पडले. म्हणजे सुमारे एक लाख चौऱ्याऐंशी हजारांत एक. धोका फार लहान आहे, पण आकड्यातला तो एक आपल्या घरातला असू नये, असे प्रत्येकाला वाटते. यातून जे वाचले, त्यांत जवळच्या माणसाने तत्काळ छाती दाबायला सुरुवात केल्याचे मोठे श्रेय होते. म्हणून मी काकांपेक्षा आधी त्यांच्या मुलीला छातीदाबाचे प्रशिक्षण घ्यायला पाठवले. ती थोडी रागावली, पण गेली.

वयाचे भय दाखवून मात्र मी काकांना थांबवू शकत नव्हतो. कॅनडाचे एड व्हिटलॉक यांनी २००४ मध्ये त्र्याहत्तराव्या वर्षी टोरांटोची मॅरेथॉन २ तास ५४ मिनिटे ४८ सेकंदांत पूर्ण केली. घराजवळच्या दफनभूमीतील वाटेवर ते तासन्‌तास फेऱ्या मारून सराव करीत. पंजाबचे फौजासिंग पत्नी आणि मुलगा गेल्यानंतरच्या दुःखात धावू लागले आणि २००० मध्ये, त्यांच्या सांगण्याप्रमाणे एकोणनव्वदाव्या वर्षी, लंडनची पहिली मॅरेथॉन धावले. जन्मदाखला नसल्याने गिनीजच्या नोंदीत त्यांचा विक्रम आला नाही. ही नावे मी काकांना मुद्दाम सांगितली, पण हेही सांगितले की अशी शरीरे विरळा असतात. सामान्यांसाठी मला अधिक मोलाचा वाटतो तो लंडनचा एक अभ्यास: पहिल्यांदा मॅरेथॉनची तयारी करणाऱ्या १३८ जणांच्या महाधमनीचा ताठरपणा काही महिन्यांच्या बेताच्या सरावाने सुमारे चार वर्षांनी तरुण झाल्यासारखा कमी झाला, आणि अधिक वयाच्यांना हा लाभ अधिक मिळाला. लाभ सरावाचा होता. तो मिळवण्यासाठी फार वेगाने धावावे लागले नव्हते.

काकांचा ईसीजी, इकोकार्डिओग्राम आणि ट्रेडमिलवरची ताणचाचणी झाली. हृदयरोगतज्ज्ञांनी हरकत घेतली नाही. लघवीची गोळी बदलली. गुडघ्याची बंद झाली, तिच्या जागी मांडीचे व्यायाम आले. धावताना पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे, एवढीच वेगाची मर्यादा मी घालून दिली. त्यासाठी सोबतीला बोलणारे माणूस हवे, म्हणून मुलगी सायकलवरून बरोबर जाऊ लागली. चार मिनिटे धावणे, एक मिनिट चालणे, असा क्रम. त्या वर्षीची शर्यत त्यांनी सोडली. पुढच्या वर्षीच्या अर्जावर मी सही केली.

शर्यतीच्या सकाळी दहाच्या सुमारास मुलीचा फोन आला, तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. सतराव्या किलोमीटरला काकांना छातीत नव्हे, पण डाव्या पोटरीत तीव्र कळ आली. ते स्वतःहून थांबले, पथकाकडून पाय बांधून घेतला आणि मागच्या बसमध्ये चढले. अंतिम रेषेपाशी वाट पाहणारी मुलगी त्यांना बसमधून उतरताना पाहून रडली. तिने पदकाबद्दल विचारले, तर म्हणाले, "बसमध्ये खिडकीजवळची जागा मिळाली."

यंदाचा अर्ज त्यांनी अजून आणलेला नाही. पहाटेची सायकल मात्र माझ्या घरावरून जाते. पावणेसहाला घंटी वाजते आणि दोघांचे बोलणे ऐकू येते.