पोकळ मूर्ती, पातळ टाक्या

पेण तालुक्यातील हमरापूर-जोहे परिसरात घडणारी प्लास्टरची गणेशमूर्ती आतून पोकळ असते, ही गोष्ट ती टेम्पोत चढवणारा हमाल जितकी जाणतो तितकी तिच्यापुढे आरती म्हणणारा भक्त क्वचितच जाणतो. साच्यात पातळ कालवलेल्या प्लास्टरचा थर देऊन त्यावर भिजवलेला काथ्या दाबून बसवला, की जे सिद्ध होते त्याला अभियंते कवच म्हणतात: जाडी थोडी, विस्तार मोठा आणि सामर्थ्याची भिस्त द्रव्याइतकीच, किंबहुना अधिक, वक्रतेवर.

प्लास्टर मात्र ठिसूळ. फारसे वाकण्याआधीच ते तडकते. कवचाचा खरा खोडसाळपणा पाहायचा, तर नागोठण्यावरून रोह्यास जाऊन धाटावच्या औद्योगिक वसाहतीत रसायनांसाठी लागतात तशा पोलादी टाक्यांचा विचार केला पाहिजे. व्यास व उंची प्रत्येकी १० मीटर आणि पत्रा ६ मिलिमीटर अशी टाकी घेतली, तर त्रिज्येच्या मानाने तिची भिंत कोंबडीच्या अंड्याच्या टरफलाहूनही दसपटीने पातळ ठरते. माथ्यावरची हवेची वाट तुंबलेली असता ती पंपाने उपसू लागले, की आतबाहेरच्या दाबात वातावरणाच्या सुमारे विसाव्या हिश्श्याचा फरक पडताच भिंत एकाएकी आत चेपते.

हे ‘एकाएकी’च गणिताला जड जाते. भार दुप्पट तर वाक दुप्पट, हा सरळ हिशेब येथे चालत नाही. कारण वाकता वाकता आकार बदलतो, आकाराबरोबर ताठपणा बदलतो, आणि तो नाहीसा होण्याच्या क्षणी स्थितीचे साधे समीकरण हात टेकते. म्हणून भिंतीचे हजारो लहान चौकोन पाडून, प्रत्येक कोपऱ्याचे सरकणे व वळणे अज्ञात धरून, वस्तुमानाचे जडत्वही हिशेबात घेऊन, काळाच्या सूक्ष्म पावलांनी दर वेळी नव्या आकारावर समीकरणे पुन्हा सोडवावी लागतात. या घटकपद्धतीला ‘फायनाइट एलिमेंट’ हे नाव क्लफ यांनी १९६० साली दिले. पावलापावलाने काळ पुढे नेण्याची न्यूमार्क यांची रीत त्याआधी वर्षभराची.

तरीही संगणकाला चोख वर्तुळ पुरवणारा अभियंता फसतोच, असे माझे मत आहे. उभ्या दाबाखालील नळकांडी सिद्धांताने वर्तवलेल्या भाराच्या निम्म्याहूनही कमी भाराला बसतात, हे प्रयोगशाळांना फार पूर्वीच कळून चुकले होते. जाडीच्या काही अंशाइतका खोलगटपणाही किती घातक ठरतो, याची उपपत्ती कोइटर यांनी १९४५ साली डेल्फ्ट येथे मांडली, पण प्रबंध पडला डच भाषेत, तेव्हा तो इतरांच्या हाती यायला बराच अवधी गेला. आज वेल्डिंगच्या सांध्यालगत दबलेला पत्रा मोजून ती वाकडी टाकीच गणितात घालता येते.