हातातला जुना गेम : पैसे मोजण्यापूर्वीचा हिशोब

एकेकाळी जत्रेत आणि रेल्वे स्टेशनबाहेरच्या फेरीवाल्याकडे विटा रचण्याचा हातातला गेम मिळत असे. दोन पेन्सिल सेल घातले की तो सुरू होई. त्या काळची मुले आज आई-बाप झाली आहेत आणि तसल्याच जुन्या हातातल्या गेमची मागणी आता पुन्हा वाढली आहे. याला निव्वळ आठवणींची हौस म्हणून चालणार नाही. मोबाईलवरचा गेम मध्येच जाहिरात दाखवतो, पुढच्या पायरीसाठी पैसे मागतो आणि कधी संपतच नाही. इंटरनेट घरोघरी पोहोचण्यापूर्वी बनलेला गेम एकदा विकत घेतला की पुरा आपला होतो. त्याला सुरुवात असते आणि शेवटही असतो. म्हणून पुष्कळ पालक विचारतात, जुने गेम खेळण्यासाठी सगळ्यात चांगले यंत्र कोणते?

बाजार या प्रश्नाचे उत्तर यंत्राची ताकद आणि गेमची संख्या दाखवून देतो. घाम गाळून पैसे कमावणाऱ्याने मात्र हिशोब उलट्या बाजूने मांडावा. आधी कोणता गेम खेळायचा ते ठरवावे, मग यंत्र बघावे. याचे कारण समजण्यासाठी ही यंत्रे कशी जन्मली ते थोडक्यात पाहू.

देखभाल खात्यातील माणसाचा विचार

जपानमधील क्योटो शहरात निन्टेंडो ही कंपनी 1889 साली पत्ते बनवण्यासाठी सुरू झाली. 1965 साली गुनपेई योकोई नावाचा तरुण तेथे यंत्रांच्या देखभालीच्या कामावर लागला. फावल्या वेळात त्याने बनवलेले खेळणे मालकाच्या नजरेस पडले आणि त्याचे खातेच बदलले. पुढे प्रवासात एक माणूस वेळ घालवण्यासाठी कॅल्क्युलेटरची बटणे दाबत बसलेला त्याने पाहिला. त्यातून खिशात मावणाऱ्या गेमची कल्पना त्याला सुचली आणि 1980 साली ‘गेम अँड वॉच’ बाजारात आला.

योकोईचे सूत्र साधे होते. जे तंत्र जुने होऊन स्वस्त झाले आहे, ज्याचे गुणदोष सगळे कळले आहेत, तेच घ्यावे आणि त्याचा उपयोग नव्या रीतीने करावा. याच सूत्रावर 1989 साली ‘गेम बॉय’ निघाला. त्याच्या स्क्रीनवर रंग नव्हते, हिरवट-करड्या चारच छटा होत्या. आतून उजेडही नव्हता. त्याच वर्षी अमेरिकेत अटारी कंपनीचा ‘लिंक्स’ आला. त्याला रंगीत, उजळ स्क्रीन होता. पुढच्या वर्षी सेगा कंपनीचा ‘गेम गिअर’ आला, तोही रंगीत. बघणाऱ्याला गेम बॉय या दोघांपुढे गरीब वाटावा असाच होता.

आता सेलचा हिशोब बघा. गेम बॉयला चार पेन्सिल सेल लागत आणि ते दहा तासांहून अधिक चालत. गेम गिअरला सहा सेल लागत आणि ते तीन ते पाच तासांत संपत. तीस तास खेळायचे म्हटले तर गेम बॉयला जास्तीत जास्त 12 सेल पुरतात. गेम गिअरचे सेल सरासरी चार तास चालतात असे धरले तरी 48 सेल आणावे लागतात. यंत्राची किंमत एकदाच द्यावी लागते, सेलचा खर्च मात्र दर आठवड्याला असतो. घरखर्च चालवणाऱ्या आईला हे समजावून सांगावे लागत नाही. अमेरिकेत गेम बॉय सुमारे 90 डॉलरला, तर लिंक्स सुमारे 180 डॉलरला होता. शेवटी गेम बॉय आणि त्याचा रंगीत भाऊ ‘गेम बॉय कलर’ मिळून 11 कोटी 86 लाखांहून अधिक नग विकले गेले. झगमगीत यंत्रे मागे पडली. आज यंत्र निवडतानाही हाच धडा उपयोगी पडतो.

कोणत्या यंत्रावर कोणती कॅसेट

आपल्याकडे गेमच्या डबीला कॅसेट म्हणण्याची पद्धत आहे, तोच शब्द येथे वापरतो. 1989 च्या गेम बॉयची कॅसेट 1998 च्या गेम बॉय कलरवर चालते. या दोहोंच्या कॅसेट 2001 च्या ‘गेम बॉय ॲडव्हान्स’वर आणि 2003 च्या घडीच्या ‘ॲडव्हान्स एसपी’वरही चालतात. म्हणजे एका एसपीवर तीन पिढ्यांचे गेम खेळता येतात.

2004 चा ‘निन्टेंडो डीएस’ आणि 2006 चा ‘डीएस लाइट’ यांना दोन खाचा आहेत. त्यांवर डीएसचे आणि ॲडव्हान्सचे गेम चालतात, पण जुन्या गेम बॉयची आणि गेम बॉय कलरची कॅसेट चालत नाही. 2008 च्या ‘डीएसआय’मध्ये ॲडव्हान्सची खाचच काढून टाकली. 2005 चा ‘गेम बॉय मायक्रो’ दिसायला नाजूक आणि सुंदर, पण तो फक्त ॲडव्हान्सचे गेम चालवतो. नावात ‘गेम बॉय’ आहे म्हणून सगळे चालेल असे समजून पैसे देणारा येथेच फसतो.

डीएसचे गेम दोन स्क्रीनवर चालतात आणि त्यांतील एक स्क्रीन बोटाने किंवा काडीने चालवायचा असतो. असे गेम एका स्क्रीनच्या यंत्रावर बसवणे म्हणजे दोन खोल्यांचा संसार एका खोलीत कोंबण्यासारखे आहे. ज्याला डीएसचेच गेम हवेत त्याने डीएस लाइट किंवा 2013 चा ‘2डीएस’ बघावा. 2डीएसला घडीची बिजागरी नाही, त्यामुळे लहान मुलांच्या हातून मोडण्याची भीती कमी. डीएस लाइटची बिजागरी तडकते, ती घेण्यापूर्वी उघडझाप करून पाहावी.

जुने अस्सल यंत्र घेताना

पहिले, सेलची खोबण उघडून पाहा. पांढरा-हिरवा थर दिसला तर सेल पाझरलेले आहेत. थोडा थर व्हिनेगरने पुसून निघतो, पण पत्राच खाल्लेला असेल तर सौदा सोडावा. दुसरे, यंत्र चालू करून स्क्रीनवर उभ्या रेषा गायब आहेत का ते तपासा. पहिल्या गेम बॉयमध्ये हा दोष नेहमी आढळतो. हात बसलेला कारागीर सोल्डरिंगने तो दुरुस्त करू शकतो, पण ती मजुरी किमतीतून वजा झाली पाहिजे. तिसरे, प्रत्येक बटण दाबून पाहा आणि आवाज ऐका. चौथे, एसपी घेत असाल तर त्याचा चार्जर वेगळ्या तोंडाचा असतो हे ध्यानात ठेवा आणि तो सोबतच मागा. त्याला साधा हेडफोन थेट लागत नाही, हेही लक्षात असू द्या.

पाचवे, उजेडाचा प्रश्न. पहिला गेम बॉय, गेम बॉय कलर आणि पहिला ॲडव्हान्स यांना आतून उजेड नाही. खिडकीजवळ किंवा ट्यूबलाइटखाली ते छान दिसतात, अंधाऱ्या खोलीत मात्र डोळे ताणावे लागतात. सुरुवातीच्या एसपीत समोरून उजेड पडतो. नंतरच्या एसपीत तो मागून येतो आणि चित्र अधिक स्वच्छ दिसते.

सहावे, कॅसेट अस्सल आहे का? अस्सल ॲडव्हान्स कॅसेटच्या लेबलवर बारकाईने पाहिल्यास दाबून उमटवलेला छोटा आकडा दिसतो आणि खालच्या फटीतून आतील पट्टीवर कंपनीचे नाव दिसते. नकली कॅसेटमध्ये जतन केलेला खेळ अचानक पुसला जातो. जुन्या गेम बॉयच्या पुष्कळ अस्सल कॅसेटमध्येही एक बटण सेल असतो आणि त्याच्या जोरावर खेळ जतन राहतो. ‘पोकेमॉन’च्या जुन्या कॅसेट याच प्रकारच्या आहेत. इतक्या वर्षांनी तो सेल संपतो. तो बदलता येतो, पण बदलताना आतला जुना खेळ जातो.

नवी यंत्रे आणि स्क्रीनचे गणित

ज्यांना जुन्या वस्तूची कटकट नको, त्यांच्यासाठी नवी यंत्रे आहेत. त्यांचे दोन प्रकार. पहिला प्रकार अस्सल कॅसेट घेणारा. 2021 साली निघालेला ‘ॲनालॉग पॉकेट’ यात येतो. गेम बॉयचा स्क्रीन 160 आडव्या आणि 144 उभ्या ठिपक्यांचा, तर याचा 1600 आणि 1440 चा, म्हणजे बरोबर दहा पट. चित्र अप्रतिम दिसते. पण बाजारात आला तेव्हाच त्याची किंमत 219.99 डॉलर होती. टपाल आणि सीमाशुल्क वेगळे. ज्याच्याकडे कॅसेटचा मोठा साठा आहे त्यालाच तो परवडतो.

दुसरा प्रकार म्हणजे मेमरी कार्डवरून गेमची नक्कल चालवणारी छोटी चिनी यंत्रे. अँबर्निक कंपनीचा ‘आरजी 35 एक्सएक्स’ आणि ‘मियू मिनी प्लस’ ही त्यातली परिचित नावे. दोघांचा स्क्रीन साडेतीन इंची, 640 गुणिले 480 ठिपक्यांचा. आता गणित करा. गेम बॉयचे 160 आणि 144 यांना तिनाने गुणले तर 480 आणि 432 येतात. ते या स्क्रीनमध्ये नेमके बसतात. ॲडव्हान्सचे चित्र 240 गुणिले 160 चे. ते पूर्ण रुंदीला बसवायचे तर दोन पूर्णांक दोन तृतीयांश पट ताणावे लागते. खोलीच्या मापात फरशी बसली नाही की कडेला तुकडे लावावे लागतात, तसे काही ठिपके जाड आणि काही बारीक दिसतात. याच कंपनीच्या ‘आरजी 34 एक्सएक्स’चा स्क्रीन 720 गुणिले 480 चा, म्हणजे ॲडव्हान्सच्या बरोबर तिप्पट. म्हणून गेम बॉयचे चौकोनी गेम खेळणाऱ्याला पहिली दोन यंत्रे आणि ॲडव्हान्सचे आडवे गेम खेळणाऱ्याला हे तिसरे यंत्र सोयीचे. मोठा स्क्रीन म्हणजे चांगला स्क्रीन, हे येथे खोटे ठरते.

‘दहा हजार गेम’ची पेटी

आमच्या कार्यालयातील एका सहकाऱ्याने बोनसच्या पैशातून मुलीसाठी असे एक यंत्र आणले. खोक्यावर मोठ्या अक्षरात ‘दहा हजार गेम’ छापले होते. त्याने आणि मुलीने रविवारी बसून यादी चाळली. एकच गेम पाच-सहा नावांनी, वेगवेगळ्या देशांच्या भाषांत भरलेला होता. मुलीने शेवटी जे गेम खेळले ते बोटांवर मोजण्याइतके. ही फसवणूक संख्येची आहे.

रस्त्यावर मिळणारे ‘400 इन 1’ हे छोटे यंत्र तर वेगळ्याच जातीचे. त्यातले गेम टीव्हीला जोडायच्या जुन्या यंत्राचे असतात, गेम बॉयचे नसतात. स्वस्तात दोन घटका करमणूक म्हणून ते ठीक आहे. गेम बॉयचे गेम खेळता येतील म्हणून ते घेऊ नये.

आणखी एक बाब. आपल्या देशाच्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यात संगणक-प्रणालीला साहित्यकृतीप्रमाणे संरक्षण आहे. 1989 सालचा गेमही आज कोणाच्या तरी मालकीचा आहे. विक्रेत्याने कार्डात भरून दिले म्हणून ते गेम अधिकृत होत नाहीत. लेखकाला, कारागिराला त्याच्या कष्टाचा मोबदला मिळावा असे आपण म्हणतो, तर हा नियम गेम बनवणाऱ्यालाही लागू आहे. हौशी मंडळींनी स्वतः बनवून मोफत खुले केलेले गेमही आहेत. 2017 चा ‘टोबू टोबू गर्ल’ हा गेम बॉयसाठी बनवलेला गेम त्यापैकी एक. अशा गेमपासून सुरुवात करावी.

घरात लहान मुले असतील तर

बटण सेल लहान मुलाने गिळला तर अन्ननलिका आतून भाजते आणि जीवावर बेतते. असे घडल्यास एक क्षणही न दवडता रुग्णालय गाठावे. जुनी कॅसेट उघडून सेल बदलण्याचे काम मुलांसमोर करू नये आणि काढलेला सेल उघड्यावर टाकू नये. चार्जिंगचा सेल फुगून मागचे झाकण वर आले असेल तर ते यंत्र चार्ज करू नये, सेल बदलून घ्यावा.

दोन भावंडे असतील तर आणखी एक विचार करावा. जुने दोन गेम बॉय वायरने जोडून दोघांना एकत्र खेळता येते. नकलेच्या यंत्रांवर ही सोय पुष्कळदा कटकटीची असते.

मग घ्यावे कोणते?

थोडक्यात सांगायचे तर असे. तिन्ही पिढ्यांच्या अस्सल कॅसेट खेळायच्या असतील तर चांगल्या स्थितीतला ॲडव्हान्स एसपी. डीएसचे गेम हवे असतील तर डीएस लाइट, आणि हात लहान असतील तर 2डीएस. कॅसेट नको, जुना सेल नको, मोबाईलच्या चार्जरवर चालणारे नवे यंत्र हवे, तर वरील 640 किंवा 720 ठिपक्यांचे यंत्र. त्यासोबत आलेल्या हलक्या मेमरी कार्डाऐवजी चांगल्या कंपनीचे कार्ड घालावे.

आणि काहीही घेण्यापूर्वी एक आठवडा थांबावे. घरात किंवा वस्तीतल्या अभ्यासिकेत जुना संगणक असेल तर ‘एमजीबीए’ ही मोफत प्रणाली घालून एखादा मोफत गेम मुलांना खेळू द्यावा. आठवड्यानंतरही गोडी टिकली तरच पैसे मोजावे. त्याच संगणकावर 2019 साली निघालेली ‘जीबी स्टुडिओ’ ही मोफत प्रणालीही चालू शकते. तिच्यात चित्रे मांडून, पात्रांचे संवाद लिहून मुलांना स्वतःचा गेम तयार करता येतो आणि तो खऱ्या गेम बॉयवरही चालतो. योकोईलाही बढती मिळाली ती दुसऱ्याच्या खेळण्याशी खेळून नव्हे, स्वतःचे खेळणे बनवून. आपल्या मुला-मुलींच्या हाती यंत्र देताना त्यांना हाही दरवाजा दाखवावा.