पाबळचं गिऱ्हाईक पेपर तपासतं

पाबळ म्हटलं की पुणेकराला आधी मस्तानीची समाधी आठवते. शिरूर तालुक्यातल्या या कोरडवाहू गावात १९८३ साली डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. अमेरिकेत अन्नतंत्रज्ञानात डॉक्टरेट, मग हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन केंद्रात वरची जागा. आणि पंचावन्नाच्या आसपास हा माणूस पाबळला येऊन राहिला, तो शाळा सुटलेल्या पोरांना शिकवायला. शेतात, चुलीपाशी, बंद पडलेल्या इंजिनाभोवती मूल जसं करता करता शिकतं, तसंच त्याला विज्ञान शिकवायचं, एवढाच त्यांचा आग्रह.

इथला मुख्य अभ्यासक्रम एक वर्षाचा, निवासी. अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, गृह-आरोग्य आणि शेती-पशुपालन या चारही विभागांतून प्रत्येकानं जायचं. आज वेल्डिंग, काही दिवसांनी कोंबड्यांचं खाद्य.

पाणी शोधण्याचं काम घ्या. गावात पाणाड्या नारळ किंवा काडी घेऊन फिरतो. इथली मुलं जमिनीत एका रेषेत चार सळया ठोकतात. बाहेरच्या दोन सळयांतून वीजप्रवाह सोडायचा, आतल्या दोन्हींमधला विद्युतदाब मोजायचा, भागाकार करायचा. सळयांमधलं अंतर वाढवत नेलं की मोजमाप खोल उतरत जातं. कोरडा काळा कातळ विजेला अडवतो, पाणी धरलेला मुरूम तिला बऱ्यापैकी वाट देतो. आकडे आलेखावर मांडले की खालच्या थरांचा अंदाज येतो. वर्गात ओमच्या नियमाला जांभई देणारा मुलगा इथे दशांशचिन्ह दोनदा तपासतो, कारण त्या आकड्याच्या भरवशावर कुणीतरी बोअर घेणार असतं. अंदाज तरीही चुकू शकतो. पण का चुकला, हे पाणाड्याला विचारता येत नाही, आलेखाला येतं.

गिऱ्हाईकासाठी फाटक बनवलं तर त्याचं रेखाचित्र आणि खर्चाचा हिशोबही करावा लागतो: लोखंड, रॉड, वीज, मजुरी. बिजागरी कुरकुरली तर गिऱ्हाईक ग्रेस मार्क देत नाही.

असं हातानं शिकणं काही ठरावीक मुलांसाठीच, असं कुणाला वाटेल. ‘प्रत्येक मुलाची शिकण्याची शैली वेगळी’ हे वाक्य आता शाळांच्या माहितीपत्रकांत हमखास सापडतं. मुलं सारखी नसतात, हे खरंच. पण कोणी डोळ्यांनी शिकणारा, कोणी कानांनी, अशी कायमची वाटणी करण्याला संशोधनाचा भक्कम आधार मिळालेला नाही. शिवाय आपल्या समाजात ‘हातानं शिकणारा’ हा शिक्का कोणत्या घरच्या पोरांवर बसेल, ते सांगायला ज्योतिषी नको.

पाबळचं मोठेपण मला इथे दिसतं. गळालेल्या मुलांची वेगळी दावण बांधून आश्रम थांबला नाही. ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ हा विषय त्यानं नेहमीच्या शाळांत आठवी ते दहावीसाठी नेला. आठवड्याचा एक दिवस कामाचा, आणि तो वर्गातल्या सगळ्यांचा. पहिला नंबर काढणाऱ्यालाही सुटका नाही. मुली वेल्डिंग करतात, मुलं स्वयंपाक. रक्तातलं हिमोग्लोबिन तपासायला दोघंही शिकतात.

२००२ साली अमेरिकेतल्या एमआयटीचे प्राध्यापक नील गेर्शेनफेल्ड यांच्या सहकार्यानं पाबळला फॅब लॅब, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या यंत्रांची छोटी कार्यशाळा, आली. एमआयटीबाहेरच्या अगदी सुरुवातीच्या लॅबपैकी ही एक. पुढच्याच वर्षी कलबाग गेले. आश्रमाचं काम चालू आहे. शहरातले पाहुणे येतात, कौतुक करतात. दहावीच्या वर्षात आठवड्याचा एक दिवस स्वतःच्या मुलाच्या हाती पाना द्यायला त्यांतले किती तयार होतील, याबद्दल मला दाट शंका आहे.