कार्यक्रमासाठी कीबोर्ड घेताना : ठेका कोण धरणार?

लग्नसराई जवळ आली की वाद्यांच्या दुकानांत कीबोर्डची चौकशी वाढते. कव्वाली पार्टी चालविणारे, लग्नाच्या मंडपात गाणारे, बँड आणि बेंजो पार्टीचे मालक असे आपले बरेच बंधू या व्यवसायात आहेत. दुकानदार त्यांना आवाज किती आणि स्टाइल किती याचे आकडे ऐकवितो. आमच्या मते पहिला प्रश्न वेगळा आहे. तुमच्या पार्टीत ठेका कोण धरतो?

अरेंजर कीबोर्ड म्हणजे साथीदार आत बसविलेला कीबोर्ड. डाव्या हाताने कॉर्ड धरली की यंत्र स्वतः ताल, बेस आणि गिटारची साथ देते. उजवा हात सूर वाजवायला मोकळा राहतो. या तयार साथीला स्टाइल म्हणतात. तिला सुरुवातीचा तुकडा, मुखडा-अंतऱ्यासाठी तीन-चार प्रकार, मधली उठाण आणि शेवट असे भाग असतात. ते बटणाने बदलता येतात. एकटा गायक किंवा दोघांची जोडी असेल तर हे यंत्र फार उपयोगी पडते.

पण तुमच्याकडे चांगला ढोलकवाला किंवा ऑक्टोपॅड वाजविणारा असेल, तर महागड्या अरेंजरचे निम्मे पैसे वाया जातात. अशा पार्टीला रोलँड एक्सपीएस ३० सारखा सिंथेसायझर पुरतो. त्यात हिंदुस्थानी वाद्यांचे आवाज आहेत आणि वजनही कमी आहे. तो कॉर्डवर चालणारी साथ देत नाही आणि त्याला स्वतःचे स्पीकर नाहीत, हे मात्र घेण्यापूर्वी लक्षात ठेवावे.

ढोलकवाल्याला काढून त्याच्या जागी यंत्र आणण्याचा विचार काही मालक करतात. बिदागी वाचते, हे खरे. परंतु कव्वालीत गायक तकरार धरतो, लय चढत जाते, आणि ढोलकवाला त्याच्या तोंडाकडे पाहून हात वाढवितो. यंत्र गायकाकडे पाहत नाही. टेम्पोचे बटण दाबीपर्यंत ते त्याच लयीत चालत राहते, आणि तेवढ्यात मैफल थंड पडते. फिल्मी गाण्यांच्या ऑर्केस्ट्रात हे चालून जाते, कव्वालीत चालत नाही. तेथे माणूसच हवा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

दुसरी अडचण कॉर्डची. रागावर बांधलेल्या चालीत यंत्राची साथ भलताच गंधार वाजविते आणि गायकाचा सूर बिघडतो. यावर सोपा उपाय आहे. यामाहाच्या अरेंजरमध्ये डाव्या हाताने नुसते सा आणि प धरले, तर साथ गंधार टाळते. दुकानात हे करूनच पाहावे. केरवा आणि दादरा निरनिराळ्या लयीत ऐकावेत. विलायती स्टाइल शेकड्यांनी असल्या तरी त्यांचा आपल्याला उपयोग थोडाच. यामाहाच्या एसएक्स मालिकेत बाहेरचे आवाज आणि स्टाइल भरता येतात. त्यासाठी एसएक्स ९०० मध्ये १ गिगाबाइट, तर एसएक्स ७०० मध्ये ४०० मेगाबाइट जागा आहे. कोर्ग आणि यामाहाच्या स्टाइल एकमेकांत थेट चालत नाहीत. म्हणून ज्या कंपनीचे वाद्य आपल्या गावातील इतर वादकांकडे आहे, तेच घेतलेले सोयीचे. स्टाइलची देवाणघेवाण होते आणि अडल्यावेळी विचारायला माणूस मिळतो.

प्रत्यक्ष कार्यक्रमात खरी कसोटी लागते ती दोन गाण्यांच्या मध्ये. फर्माईश आली, गायकाने काळी चार सांगितली, आणि वादक पडद्यावर स्टाइल शोधत बसला तर लोक उठू लागतात. गाण्याची स्टाइल, लय, पट्टी आणि आवाज एकत्र साठविण्याची सोय यामाहात रजिस्ट्रेशन या नावाने, तर कोर्गमध्ये साँगबुक या नावाने असते. कोर्ग पीए ७०० चे साँगबुक आम्हाला या कामी विशेष पसंत आहे. दुकानात तीन गाणी साठवून ती उलटसुलट क्रमाने काढून पाहावीत. त्यात हात अडखळला, तर मंचावर तो नक्कीच अडखळेल.

पाठीमागची भोकेही मोजावीत. एसएक्स ९०० ला मुख्य आउटपुटखेरीज वेगळे आउटपुट आहेत. त्यामुळे ताल निराळ्या वायरने साउंडवाल्याकडे देता येतो आणि तो हवा तेवढा वाढविता येतो. जेनोस २ किंवा पीए ५एक्स ही मोठी वाद्ये घेणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की त्यांत स्पीकर बसविलेले नसतात. घरी सराव करायलाही वेगळी सोय लागते.

आता पैशाचे. समजा वाद्य दीड लाखाचे आहे आणि प्रत्येक कार्यक्रमातून, सर्वांची बिदागी व गाडीभाडे देऊन, वाद्याच्या नावे दोन हजार उरतात. म्हणजे रक्कम फिटायला ७५ कार्यक्रम हवेत. वर्षाला २५ कार्यक्रम होत असतील तर तीन वर्षे गेली, आणि तोवर नवे मॉडेल येते. एसएक्स ९०० हे २०१९ सालचे, त्याच्या जागी २०२४ मध्ये एसएक्स ९२० आले. तेव्हा व्याजाच्या हप्त्यावर वरचे मॉडेल घेण्यापेक्षा एक पायरी खालचे रोखीने घ्यावे. नवख्याने कॅसिओ सीटी-एक्स ९००० आयएन वर हात बसविला तरी पुष्कळ झाले. त्यात देशी ताल तयार मिळतात.

नवे मॉडेल आले की जुने सेकंडहँड बाजारात येते, आणि तेथे चांगला सौदा होऊ शकतो. प्रत्येक पट्टी हळू व जोरात दाबून पाहावी. एखादी पट्टी मुकी असेल किंवा एकदम मोठ्याने बोलत असेल, तर बहुधा आतले रबराचे कॉन्टॅक्ट धुळीने किंवा दमटपणाने खराब झालेले असतात. कोकणात हा दोष नेहमीचा. साफसफाईने तो बरेचदा जातो, नाहीतर पट्ट्या बदलाव्या लागतात. हे काम शिकलेल्या कारागिराला लग्नसराईत उसंत मिळत नाही. आपल्या तरुण मेकॅनिकांनी याकडे जरूर पाहावे. अ‍ॅडाप्टर मूळचाच आहे ना, हेही तपासावे. एसएक्स ९०० ला १६ व्होल्टचा लागतो, हाताशी आहे म्हणून १२ व्होल्टचा लावू नये. मंडपात जनरेटरवर वीज वरखाली होते, म्हणून स्टॅबिलायझर सोबत असावा. आणि साठविलेल्या सर्व गाण्यांची एक प्रत पेनड्राइव्हवर काढून ती वाद्याच्या पेटीत न ठेवता खिशात ठेवावी.